ढाल कोणाची?

जुन्या युरोपीय ताटावर, थडग्याच्या शिळेवर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर किंवा चर्चच्या रंगीत खिडकीत ढालीच्या आकाराचं कुलचिन्ह दिसतं आणि प्रश्न पडतो : हे कोणाचं? उत्तर शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली ढाल वाचते, तिचे रंग आणि आकृत्या वर्गांत लावते आणि कोश उघडते. दुसरी ढालीकडे वळण्याआधी विचारते : ही कुठे सापडली, कधीची आहे, शेजारी काय कोरलंय? इथली मावशी निवृत्त ग्रंथपाल आहे आणि भाचा दफ्तरखान्यात रमणारा इतिहास-संशोधक. दोघंही कल्पित आहेत. वाद मात्र खरा आहे, आणि जुना.

मावशी : आधी एक मान्य कर. कुलचिन्हांचं हे शास्त्र, हेराल्ड्री, मुळात ओळखीसाठीच वाढलं. बाराव्या शतकात शिरस्त्राणामागे चेहरे झाकले जाऊ लागले, ढालींवरची चिन्हं ठरून गेली आणि बापाची ढाल मुलाकडे जाऊ लागली. तिचं वर्णन करायची रीत ठरली, तिला ब्लेझन म्हणतात. आधी ढालीची जमीन, मग तिच्यावरची मुख्य आकृती, मग बारीकसारीक आकृत्या. रंग मोजके. सोनं आणि चांदी हे दोन धातू, म्हणजे चित्रात पिवळा आणि पांढरा. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. शिवाय अर्मिन आणि वेअर या फरच्या नक्ष्या. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. इतकं बांधीव व्याकरण असेल तर ढाल वाचता येते, आणि वाचता आली की वर्गात लावता येते.

भाचा : आणि सगळ्यांत नावाजलेली ढालच तो नियम मोडते. जेरुसलेमच्या राज्याची. चांदीच्या जमिनीवर सोन्याचे क्रूस.

मावशी : नियम होता म्हणून तर तिचं मोडणं लोकांच्या डोळ्यांत भरलं! अपवादांची यादी करता येते, हीच शास्त्राची खूण. आता पुस्तकांचं ऐक. यात दोन जातीची पुस्तकं असतात. आर्मरी नावावरून चिन्हाकडे नेते. बर्कची ‘जनरल आर्मरी’ घे. घराण्याचं नाव काढलं की ढालीचं वर्णन मिळतं. ऑर्डिनरी याच्या उलट चालते. तिच्यात ढाली आकृत्यांप्रमाणे लावलेल्या असतात. सिंहवाल्या एका ठिकाणी, क्रूसवाल्या दुसऱ्या ठिकाणी. तुझ्यापुढे बेनाव ढाल असेल तर तुला ऑर्डिनरीच लागणार. जॉन वूडी पॅपवर्थ हा पेशानं वास्तुविशारद. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ढालींची ऑर्डिनरी रचता रचता १८७० मध्ये तो गेला. आल्फ्रेड मोरंटनं काम तडीला नेलं आणि १८७४ मध्ये तो जाडजूड ग्रंथ पुरा झाला. आजही निनावी ब्रिटिश ढाल समोर आली की जाणकार पहिल्यांदा तोच काढतात.

भाचा : एकोणिसाव्या शतकाला प्रत्येक गोष्टीची यादी करायची हौसच होती. फुलपाखरं, शंख, ढाली.

मावशी : चुकतोस. कुक्स ऑर्डिनरी म्हणून एक हस्तलिखित आहे, ते सुमारे १३४० चं. म्हणजे ढाली आकृत्यांप्रमाणे लावायचं काम त्या ढाली रणांगणात फिरत होत्या तेव्हाच सुरू झालं होतं. कुलचिन्हांचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, म्हणजे हेराल्डांना, ते लागतच होतं. युरोपच्या मुख्य भूमीचंही तसंच. हॉलंडच्या रिट्स्टापनं लाखाहून जास्त घराण्यांच्या ढाली नावांप्रमाणे लावल्या. पण बेनाव ढाल हाती आली तर त्या कोशाचा काय उपयोग? म्हणून बेल्जियमच्या काउंट थिओडोर द रेनेसनं त्याच ढाली आकृत्यांप्रमाणे पुन्हा लावल्या. १८९४ ते १९०३, सात खंड. नुसती सूची करायला एका माणसानं सात खंड लिहिले, कारण सूचीवाचून तो खजिना बंदच होता.

भाचा : बरं. मग तुझ्या व्याकरणातली सर्वांत सोपी ढाल घेऊ. निळी जमीन, तिच्यावर सोनेरी तिरपा पट्टा. ऑर्डिनरीत शोधायला क्षणही लागणार नाही. सांग, कोणाची?

मावशी : स्क्रोप घराण्याची.

भाचा : १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याची फौज स्कॉटलंडवर चालून गेली, तेव्हा सर रिचर्ड स्क्रोपला आपली ढाल दुसऱ्याच माणसाकडे दिसली. तो होता चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर. खटला कोर्ट ऑफ शिव्हलरी या ढालींचे तंटे ऐकणाऱ्या कोर्टापुढे गेला आणि पाच वर्षं चालला. शेकडो साक्षी झाल्या. त्यांत कवी जेफ्री चॉसरही होता. त्याची साक्ष ऐकण्यासारखी आहे. तो सांगतो, फ्रान्समध्ये रेतेलला मी स्क्रोपांना ही ढाल वापरताना पाहिलं. पुढे लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका बिऱ्हाडाबाहेर हीच ढाल टांगलेली दिसली. मी विचारलं, स्क्रोपांची ढाल लावलेली ही खाणावळ कोणती? तर उत्तर मिळालं, ही स्क्रोपांची नव्हे, ग्रोव्हनरांची. मावशी, चॉसरला ब्लेझन येत नव्हतं का? त्यानं ढाल बिनचूक वाचली होती. तरी माणूस चुकला.

मावशी : चुकला कुठे? कोर्टानं निकाल स्क्रोपच्याच बाजूनं दिला.

भाचा : कशाच्या जोरावर दिला? ढालीच्या रूपावर नव्हे. कोणी कुठे पाहिली, कोणत्या मोहिमेत, कोणत्या मठाच्या खिडकीत, कोणत्या थडग्यावर, या साक्षींवर. आणि एवढ्यावर संपत नाही. कॉर्नवॉलच्या कार्मिनो घराण्याकडेही हीच ढाल होती. त्यांच्याशी स्क्रोपांचा तंटा आधीच होऊन गेला होता आणि दोघांनीही ती वापरावी असं ठरलं होतं. एक ढाल, तीन घराणी. ऑर्डिनरीनं फार तर तिघांची नावं एका ओळीत लिहिली असती.

मावशी : पण ती ओळ किती मोलाची आहे ते बघ ना! इंग्लंडातल्या हजारो घराण्यांतून तिनं तुला तीन दारांपाशी आणून उभं केलं. बाकी सगळ्यांना बाद केलं. शिवाय त्या खटल्याचा शेवट माझ्याच बाजूचा आहे. त्या कोर्टाच्या प्रमुखानं, कॉन्स्टेबलनं, आधी ग्रोव्हनरला म्हटलं, ढालीभोवती चांदीची साधी किनार लाव आणि वापर. १३९० मध्ये राजानं तेवढं पुरेसं मानलं नाही. किनार लावून वेगळेपण दाखवणं ही एकाच घराण्याच्या धाकट्या पातीची रीत, आणि ग्रोव्हनर तर रक्ताचा कोणी नव्हता. म्हणजे बघ, किनारीचाही अर्थ ठरलेला होता! किनार दिसली की समजायचं, मूळ ढाल थोरल्या पातीची. वरच्या बाजूला तीन दात लोंबणारी आडवी पट्टी दिसली, तर बापाच्या हयातीतला थोरला मुलगा. हे वर्गीकरण शोभेचं नव्हे, ते नातं सांगतं.

भाचा : ग्रोव्हनरनं अखेर निळ्या जमिनीवर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पण गेलेली ढाल ते घराणं विसरलं नाही. त्यांच्याच वंशातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनं आपल्या घोड्याला ‘बेंड ऑर’, म्हणजे त्या सोनेरी पट्ट्याचंच नाव दिलं. १८८० ची डर्बी शर्यत त्या घोड्यानं जिंकली. गंमत म्हणजे त्या घोड्यावरही हरकत आली, की हा बेंड ऑर नव्हेच, त्याच तबेल्यातला दुसरा घोडा आहे. हरकत फेटाळली गेली. त्या नावालाच ओळखीचा तंटा चिकटलेला!

मावशी : हसव तू. पण बारकाव्यानं वाचलं तर बहुतेक ढाली वेगळ्या काढता येतात. हॉलंडच्या काउंटची ढाल : सोनेरी जमीन, मागच्या पायांवर उभा ठाकलेला तांबडा सिंह. स्कॉटलंडच्या राजाची : सोनेरी जमीन, तसाच तांबडा सिंह, पण भोवती लिलीची फुलं गुंफलेली दुहेरी बारीक चौकट. घाईत पाहणाऱ्याला दोन्ही सारख्या. वाचणाऱ्याला एक सरदार आणि एक राजा.

भाचा : तू रंगात पाहतेयस म्हणून. मी दगडात पाहतो. हॉलंडचा सिंह सोन्यावर तांबडा, फ्लँडर्सचा सोन्यावर काळा, ब्राबांटचा काळ्यावर सोनेरी. तिन्ही प्रांत शेजारी शेजारी. आता रंग काढून टाक. लाखेच्या मोहरेवर, दगडी कमानीवर, चांदीच्या भांड्यावर तिघांचा सिंह एकच. अशा वेळी तुझी ऑर्डिनरी काय सांगणार?

मावशी : रेषा बघायला सांगेन. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइटानं १६३८ मध्ये जी रीत रूढ केली तीच आजवर चालते. उभ्या रेषा तांबड्याच्या, आडव्या निळ्याच्या, ठिपके सोन्याचे, कोरी जागा चांदीची, उभ्याआडव्या रेषांची जाळी काळ्याची. रंगाशिवाय रंग वाचता येतो.

भाचा : १६३८! तोवर पाचशे वर्षांच्या मोहरा उमटून गेल्या होत्या. त्याआधीच्या दगडावर रेषा दिसल्या तर तो रंग नसेल, पाथरवटाची नक्षी असेल. एखाद्यानं उत्साहानं त्या रेषा वाचल्या तर चौदाव्या शतकातल्या माणसाला सतराव्या शतकातला रंग फासला जाईल. आणि खुद्द रंगाचा तरी काय भरवसा? जुन्या चित्रांत चांदीचा वर्ख लावलेला असतो, तो काळवंडतो. मूळची चांदी काळी म्हणून वाचली जाते. पुढे कोणी डागडुजी करणारा येतो आणि तिथे इमानानं काळा रंग भरतो. म्हणून ढाल वाचण्याआधी वस्तूचं वय कळायला हवं. तुझं व्याकरण वय ठरल्यावरच चालतं.

मावशी : आणि वय ठरवायला पुन्हा व्याकरणच मदतीला येतं, हे तू सोयीनं विसरतोस. ढाल मधून उभी दुभागलेली असली तर बहुधा लग्न. नवऱ्याची ढाल उजव्या अंगाला, बायकोच्या माहेरची डाव्या अंगाला. हे उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं, पाहणाऱ्याचं नव्हे. म्हणजे आपल्या डाव्या हाताला नवरा. नवशिके हमखास इथे उलटे पडतात. बायको भाऊ नसलेली वारसदार असेल तर तिच्या घराण्याची छोटी ढाल नवऱ्याच्या ढालीच्या मधोमध बसते, आणि मुलांच्या ढालीत दोन्ही घराणी चार खणांत वाटली जातात. बिशप असेल तर उजव्या अंगाला त्याच्या धर्मप्रांताची ढाल, डावीकडे स्वतःची. आता विचार कर. एका अर्ध्यातून तुला पाच घराणी मिळाली, दुसऱ्यातून सात. पण या पाचांतल्या कोणी त्या सातांतल्या कोणाशी लग्न केलं, अशी जोडी बहुतेक वेळा एकच निघते. मग लग्नाचं साल मिळतं, आणि ताटाचं वयही मिळतं. चिनी मातीच्या भांड्यांचं काम असंच उलगडलं. अठराव्या शतकात इंग्रज घराणी कँटनहून आपल्या ढालीची ताटं मागवत. डेव्हिड सँक्च्युअरी हॉवर्डनं १९७४ च्या ग्रंथात असे शेकडो संच घराण्यांशी जोडले आणि काठांच्या नक्षीवरून काळाप्रमाणे लावले.

भाचा : हे मात्र मानतो. दोन ढाली एकमेकींना साक्ष देतात. पण यातही ती लग्नाची नोंद दफ्तरात असावी लागते. आणि मला त्याहून मोठी अडचण दिसते. ‘ढाल कोणाची’ या प्रश्नाचा अर्थच देशोदेशी वेगळा आहे. स्कॉटलंडमध्ये १६७२ पासून लॉर्ड लायनचं, म्हणजे तिथल्या मुख्य हेराल्डचं, नोंदणीपुस्तक आहे. तिथे भेदचिन्ह न लावलेली ढाल एका वेळी एकाच माणसाची. इंग्लंडात ढाल ज्याला मिळाली त्याच्या वंशजांची. नुसतं आडनाव सारखं म्हणून कोणाला हक्क नाही. आणि पोलंडमध्ये? तिथे शेकडो घराणी, ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही, एकच ढाल वापरतात. १४१३ च्या होरोद्वोच्या करारात तर लिथुआनियाच्या ४७ सरदार घराण्यांना पोलिश कुळांनी आपापल्या ढाली देऊन सामावून घेतलं. तीच बिनचूक वाचलेली ढाल एडिंबराला एका माणसाचं नाव देईल आणि क्राकोला शंभर घराण्यांची गर्दी. तुझ्या कोशानं काम चोख केलं, पण उत्तराचं वजन जागेनं ठरवलं.

मावशी : प्रदेश बदलला की कोश बदलायचा, हे ग्रंथालयात पहिल्या दिवशी शिकवतात.

भाचा : आणि वस्तूचा प्रदेश कोणता हे कोश सांगत नाही! शिवाय ज्या ढालींना वर्गच नाही त्यांचं काय? आपल्या मुंबईचीच घे. सर जमशेटजी जिजीभाईंना १८५७ मध्ये बॅरोनेटपद मिळालं. त्यांच्या ढालीवर निळ्या आकाशात उगवता सूर्य आहे, खाली सह्याद्रीच्या घाटांचं चित्र आहे आणि वर उडत्या दोन मधमाश्या. ही सूर्यात लावणार, डोंगरात की मधमाश्यांत?

मावशी : तिन्हींत. सूचीत एका ग्रंथाच्या तीन नोंदी करायला कोणी मनाई केलीय? आपल्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी पैलू पाडून वर्गीकरण करायला शिकवलं ते याचसाठी. आणि तुझ्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. ढालीवर निसर्गदृश्य रंगवायची चाल अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि एकोणिसाव्यातली. नाईलच्या लढाईनंतर नेल्सनच्या ढालीत जहाज, ताडाचं झाड आणि उद्ध्वस्त तोफखाना आला. मध्ययुगातली ढाल शब्दांत सांगता येते आणि ऐकणारा ती काढू शकतो. या ढाली तशा सांगता येत नाहीत. म्हणजे ढाल जुन्या वर्गात बसत नाही, हेच तिचा काळ सांगतं. वर्ग नसते तर हे कळलं असतं का?

भाचा : मग कोशातून पुसलेल्या ढालीचं बोल. तावोराचा मार्किस १७५० ते १७५४ गोव्यात व्हाइसरॉय होता. लिस्बनला परतल्यावर राजाच्या खुनाच्या कटाचा आरोप आला. १७५९ मध्ये त्याला सहकुटुंब देहदंड झाला, आणि तावोरांचं नाव आणि ढाल वापरायलाही बंदी आली. असल्या खरवडलेल्या ढालीचा कोरा चौकोन तू कोणत्या वर्गात लावशील? तिथे कोणी काय खरवडलं आणि का, हे फक्त इतिहास सांगतो. तुझ्या ग्रंथालयांतल्या ड्यूईच्या वर्गीकरणानंसुद्धा हेराल्ड्रीला ९२९.६ हा आकडा दिला, तो वंशावळींच्या शेजारी, इतिहासाच्या घरात. चित्रकलेत नव्हे.

मावशी : ड्यूईनं दिला म्हणतोस, म्हणजे अखेर वर्गाचाच दाखला देतोस की! पण ऐक, तुझा-माझा तंटा नव्या कामानं जवळजवळ मिटवत आणलाय. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजनं मध्ययुगीन ब्रिटिश ढालींची नवी ऑर्डिनरी काढली. पहिला खंड १९९२ चा, चौथा आणि शेवटचा २०१४ चा. रचना आकृत्यांप्रमाणे, पॅपवर्थच्याच वळणाची. फरक एवढाच की प्रत्येक ढालीपुढे ती ढालींच्या कोणत्या जुन्या नोंदपटात, कोणत्या मोहरेवर आढळली ते दिलंय. पॅपवर्थ म्हणायचा, ही अमक्याची. ही म्हणते, अमक्याची म्हणून ती तमक्या ठिकाणी आढळते.

भाचा : म्हणजे वर्ग तुझे आणि पुरावा माझा.

मावशी : म्हण हवं तर. पण खोलीत शिरायचं दार माझंच आहे.

दार कोणाचं, हा खरा मतभेद उरतो, आणि त्याचा निकाल देता येतो. वर्गीकरणाची ताकद नावं खोडण्यात आहे. निळ्या जमिनीवरचा सोनेरी पट्टा दिसला की सिंहवाले, क्रूसवाले, पेंढीवाले सगळे बाद होतात. एवढं काम दुसरी कोणतीही रीत इतक्या वेगानं करत नाही. पण उरलेल्या तिघांतून एकाचं नाव घ्यायचा अधिकार वर्गीकरणाला नाही. तो ठिकाण, काळ आणि कागद यांचा आहे. चौदाव्या शतकातल्या कोर्टानं हेच मानलं आणि एकविसाव्या शतकात पुरी झालेली ऑर्डिनरीही हेच मानते. आडनाव सांगा, ढाल घेऊन जा, असं म्हणून चौकटीतली कुलचिन्हं विकणारे नेमकी ही दुसरी पायरी गाळतात. म्हणून त्यांचा माल भिंतीवर शोभतो, पुराव्यात टिकत नाही.

पहिलं काय करायचं, यात मात्र कौल भाच्याकडे जातो, आणि त्याचं कारण व्यवहाराचं आहे. ढाल उद्याही वाचता येईल, परवा दुसरा कोणी अधिक चांगली वाचेल. ती कुठे होती, शेजारी काय होतं, कोणत्या दिशेला तोंड होतं, ही माहिती वस्तू हलली की कायमची जाते.

आपल्याकडे हे काम करायला जागा आहे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची जमीनच मुळी ढाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळांनी फरसबंद आहे, आणि मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींवर नि पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरही ढाली दिसतात. तिथे गेलात तर शिळेवर पाणी किंवा खडू न लावता सरळ समोरून छायाचित्र घ्या, भोवतीचा लेख त्यात येऊ द्या, जागा लिहून ठेवा, आणि रंग दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ असं स्पष्ट लिहा. अंदाजानं भरलेला रंग पुढच्या शोधणाऱ्याला भलत्याच घराण्याच्या दारात नेऊन उभा करतो. नावाची घाई करू नका. ते शेवटी लिहायचं असतं.